चरित्र, चारित्र्य की शील?

इंदोऱ्यातल्या एका अभ्यासिकेच्या दादांनी विचारलंय, की संध्याकाळी येणाऱ्या पोट्ट्यांसाठी फळ्यावर त्यांनी ‘चरित्र घडवा’ लिहिलं, तर एका सरांनी खोडून ‘चारित्र्य’ केलं, मग बरोबर कोण?

मराठीपुरतं सर बरोबर. चर् म्हणजे चालणं, वागणं, त्यावरून चरित्र म्हणजे माणूस कसा वागला, काय जगला त्याची हकीकत. म्हणून ‘लीळाचरित्र’, म्हणून शिवचरित्र. आणि त्या वागण्यामागचा गुण तो चारित्र्य. पण हिंदीत या गुणालाच चरित्र म्हणतात, अन् आपल्या नागपुरात हिंदी घरातच बसलेली असते, म्हणून ‘त्याचं चरित्र चांगलं नाही’ हे आपल्याला खटकतही नाही. तुमची चूक तिथून आली, वाईट वाटून घेऊ नका.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. चारित्र्य हा शब्द आपण फार आखडून टाकलाय. पेपरात तो दिसतो कुठे? ‘चारित्र्याच्या संशयावरून’, आणि तो संशय बहुतेक बाईवरच. नाहीतर पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत. सतरा वर्षाच्या पोराला यातून काय कळणार, की केस नसली म्हणजे झालं?

म्हणून मी म्हणेन, फळ्यावर शील लिहा. हाही शब्द बायकांच्या अब्रूपुरता वापरला गेलाय, नाही असं नाही, पण नागपुरात तो अजून अख्खा आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत पंचशील घेतलं, तुमच्याकडच्या कितीतरी पोरांना ते पाठच असेल. त्यातली ओळ नीट बघा, ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’. म्हणजे, जीव घेण्यापासून दूर राहण्याचं सिक्खापद मी घेतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. मी शुद्ध आहे असं त्यात कोणी म्हणत नाही, हे शिकायला मी घेतोय एवढंच म्हणतो. आणि तिसरं शील, व्यभिचारापासून दूर राहण्याचं, ते म्हणणारा पोरगा स्वतःबद्दल म्हणतो, बहिणीबद्दल नाही.

शीलचा मूळ अर्थच स्वभाव, सवय. प्रयत्नशील कोणाला म्हणतो आपण, एकदा प्रयत्न करून बसला त्याला नाही ना, पडला तरी पुन्हा लागतो त्याला. सहनशील, विचारशील, सगळे तसेच. माझे आजोबा माझ्या वहीत बोट ठेवून म्हणायचे, अक्षराला वळण नाही बाप्पा, अन् तीच ओळ दहादा काढायला लावायचे, आणि तोच माणूस शेजारच्या पोराबद्दल म्हणायचा ‘चांगल्या वळणाचा आहे’. अक्षराला नि माणसाला एकच शब्द. शीलला मराठीत सगळ्यात जवळचा मला तोच वाटतो.

चारित्र्यच ठेवायचं असेल तर ‘त्र्य’ नीट काढा, अर्धा त्र अन् य. जैन मंडळी ‘सम्यक चारित्र’ म्हणतात, तेही चूक नाही, इतवारीत कुठे लिहिलेलं दिसलं तर सरांना खोडू देऊ नका.