सणाच्या सेलमध्ये धीट व्हा, पण आधी हे बघा

तुमच्या ऑनलाइन दुकानाचा पहिलाच सीझन आहे ना? मग सगळ्या मालावर सरसकट १० टक्के सूट देऊ नका. ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, नफा मात्र खाते. त्यापेक्षा एकच वस्तू निवडा, तिच्यावर दणदणीत ऑफर द्या आणि होमपेज उघडताच तीच दिसू द्या. गणित आधी मांडा: ४० टक्के मार्जिनच्या (विक्री किमतीतला ४० टक्के भाग नफा असलेल्या) वस्तूवर २० टक्के सूट दिली की नगामागचा नफा निम्मा होतो. तेवढ्याच कमाईसाठी दुप्पट नग विकावे लागतात, आणि तेवढा स्टॉक हाताशी हवा.

ईमेलचं जपून. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांसाठी जीमेलचे नियम २०२४ पासून कडक झालेत: एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब (मेल बंद करण्याची सोय) हवं, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. ज्या ग्राहकांना वर्षभर मेल गेला नाही, ती यादी ऐन सणाला जागी करू नका. महिनाभर आधीपासून थोडे थोडे मेल जाऊ द्या.

आणि कूपन स्वतःच्या मोबाइलवर, अगदी पेमेंटपर्यंत जाऊन तपासा. माझ्या मेलमधल्या कोडमागे एक रिकामी जागा कॉपी होत होती, त्यामुळे कोड चालतच नव्हता. रात्रभर लोक कार्ट भरून परत गेले. फार जीव तुटला.

खोटा काउंटडाउन टायमर तर कधीच नको. वेळेत पोहोचेल अशा ऑर्डरची शेवटची तारीख मात्र ठळक लिहा.