दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट २६२ या जर्मन लढाऊ जेटने खरंच किती बॉम्बर पाडले, हे कसं तपासायचं?

जर्मन वैमानिकांच्या दाव्यांवर थांबू नका. ते खोटं बोलत होते असं नाही, त्यांना बघायला वेळच मिळत नव्हता. बी-१७ या अमेरिकी बॉम्बरच्या मागून येताना वेगातला फरक ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४० मीटर. ३० मिलिमीटरच्या तोफा जवळूनच नेमक्या लागत, त्यामुळे मारा जेमतेम दोन-तीन सेकंदांचा. एकाच धुमसत्या विमानावर दोघांनी हक्क सांगितला तर नवल नाही.

म्हणून दुसरी बाजू उघडा. अमेरिकी हवाई दल १९४३ पासून परत न आलेल्या विमानांसाठी 'बेपत्ता विमानकर्मी अहवाल' लिहीत असे. त्यात विमानाचा क्रमांक, इंजिनांचे नि मशीनगनचेही क्रमांक, शेवटचं ठिकाण आणि शेजारच्या विमानातल्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सापडतं. हे अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

सुरुवात १८ मार्च १९४५ च्या बर्लिनवरील हल्ल्यापासून करा. त्या दिवशी जेटनी आर४एम रॉकेटं वापरली. एकेक अहवाल वाचताना घाई करू नका, प्रत्येकात साधारण नऊ-दहा जणांची नावं असतात.