"मॅडम, हे सगळं कॉपी तर नाही ना ठरणार?"

एमए फिलॉसॉफीची एक मुलगी आली होती, कल्याणवरून कलिनाला, मुंबई विद्यापीठात, अप-डाऊन करणारी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). प्रोजेक्ट चार्वाकांवर, म्हणजे वेद आणि परलोक न मानणाऱ्या प्राचीन भारतीय विचारवंतांवर, पण लिखाण ठप्प आणि झोप उडालेली. म्हणाली, मॅडम, जे लिहिते ते कुठेतरी वाचलेलंच असतं, मग त्यात माझं काय, चेकिंगमध्ये कॉपी निघाली तर?

ही भीती घेऊन बरीच मुलं येतात आणि त्यांना नुसतं "टेन्शन नको घेऊ" सांगून पाठवणं मला पटत नाही. म्हणून आधी नियम सांगितला, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमात दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, आणि संदर्भ देऊन घेतलेलं अवतरण त्यात मोजायचंच नसतं. ती जरा सैल झाली.

मग वही बघितली. लिहिलं होतं, चार्वाक म्हणतात 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्', म्हणजे कर्ज काढून तूप प्या. म्हटलं हे कुठे मिळालं तुला? नोट्समध्ये. आणि नोट्सवाल्याला? गप्प. अगं, चार्वाकांचे मूळ ग्रंथच आज हातात नाहीत, त्यांचं म्हणणं आपल्याला बहुतेक विरोधकांकडूनच कळतं, आणि ही ओळ येते १४व्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रह या ग्रंथात, चार्वाकांवरच्या प्रकरणात, आणि ते स्वतः वेदान्ती, म्हणजे विरोधी पक्षाचे! त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला हाच श्लोक आहे पण तिथे ना कर्ज ना तूप, तिथे आहे 'नास्ति मृत्योरगोचरः', म्हणजे मरणाच्या नजरेतून कोणी सुटत नाही. शेवटाकडे मात्र कर्ज काढून तूप. हे ऐकून ती एकदम सरसावून बसली, मग चार्वाक नक्की काय म्हणाले? म्हटलं हा प्रश्न तुझा, यावर लिही, हे कोणाच्या नोट्समध्ये नाही मिळणार.

कुठे शोधायचं हे पण विचारलं तिने. स्टॅनफर्डचा फिलॉसॉफीचा विश्वकोश नेटवर फुकट आहे, लेखाखालची ग्रंथयादी आधी वाचायची आणि तिथून लायब्ररी गाठायची. वाचताना लेखक, आवृत्ती, पान आधी टिपायचं, मजकूर नंतर, कारण रात्री दोन वाजता पान नंबर शोधत बसण्यातूनच निम्मी भीती येते. दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत केलेलं वाचलं तर तसंच सांगायचं, मूळ वाचल्यासारखं दाखवायचं नाही. तिला संस्कृत जेमतेम येतं, म्हणून तिने सर्वदर्शनसंग्रहाचा कॉवेल आणि गफ यांनी केलेला १८८२चा इंग्रजी अनुवाद घेतला आणि तळटीपेत अनुवादकांची नावं देऊन तसं सरळ लिहून टाकलं.