आज रात्री त्याची वही लिहू नकोस

गोव्यातल्या फोंड्याहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. सातवीची गणितं तोंडी सोडवतो, कदंबच्या बसगाड्यांच्या वेळा पाठ, पण शाळेची घंटा वाजली की कान झाकून बाकाखाली शिरतो आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आरतीत घुमट ही वाद्यं वाजू लागली की रडून घर डोक्यावर घेतो. टीचर म्हणतात हुशार आहे पण आळशी, सासूबाई म्हणतात लाडावलाय. "याला कुठे नेऊ?" असं ती विचारते, आणि मधेच एक ओळ, "वह्या मी रात्री पूर्ण करते म्हणून निदान तेवढं तरी निभावतं."

बाय, निभावत नाहीये ग. तिथेच सगळं अडलंय.

तू डाव्या हाताने त्याच्यासारखं वाकडं अक्षर काढत बसतेस, सकाळी टीचरच्या हातात भरलेली वही जाते, मग त्यांना काय दिसणार? घरी सगळं लिहितो आणि वर्गात पेन्सिल खाली ठेवतो, म्हणजे आळशीच. त्यांना आळशी हा शब्द तुझ्या वहीने दिलाय. मला राग आला वाचताना, खरं सांगते, कारण तुझ्या मायेपायी त्या पोराची अडचण कुणाला दिसतच नाहीये. हुशारही आणि अडचणही असलेल्या मुलांचं नेमकं हेच होतं, हुशारी अडचणीला झाकते आणि अडचण हुशारीला, मग बाहेरून मूल नुसतं मध्यम दिसतं.

तेव्हा आजपासून लिहिणं बंद. वही अर्धी राहिली तर अर्धीच जाऊ दे, खाली तारीख घाल आणि "एवढं लिहायला पाऊण तास लागला" असं जे खरं असेल ते लिही. पंधरा दिवसांच्या अशा वह्या घेऊन बांबोळीला मानसोपचार संस्थेत किंवा पर्वरीला सेतू या बालविकास केंद्रात असेसमेंटसाठी, म्हणजे तपासणीसाठी, जा. रिपोर्टमध्ये बुद्ध्यांकाचा एकच आकडा दिला तर तेवढ्यावर उठू नकोस, प्रत्येक भागाचे मार्क वेगळे समजावून घे, गणिताची झेप आणि लिहिण्याची अडचण सरासरीत बुडून जाते. लेबल लागेल म्हणून घाबरू नको. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमही आहे आणि लिहिण्या-वाचण्याची अक्षमताही, आणि पुढे बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ किंवा लेखनिक मागायचा तर सर्टिफिकेट लागतंच.

सासूबाईंना एवढंच सांग की घुमटांचा आवाज त्याला खरंच सोसत नाही, आरतीला तो आतल्या खोलीत बसला तर देव रागावत नाही.

आणि वही बंद म्हणजे अभ्यास बंद नव्हे हां. त्याला उत्तरं तोंडी सांगू दे, तू मोबाईलवर रेकॉर्ड कर, आणि टीचरना भेटशील तेव्हा अर्धी वही समोर ठेवून ते रेकॉर्डिंग आधी ऐकव, बोलायचं ते मग बोल.