न्यूझीलंडमध्ये सहा आठवडे कॅम्परव्हॅननं फिरायला दोघांना किती पैसे लागतील?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नवरा-बायको, दोघंही शाकाहारी, मार्च-एप्रिलमध्ये सहा आठवडे दोन्ही बेटं फिरणार, राहणं आणि स्वयंपाक गाडीतच. किती रक्कम धरावी आणि कुठे वाचवता येईल, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी आकडा सांगते. विमान आणि व्हिसा सोडून साधारण १४,५०० न्यूझीलंड डॉलर. डॉलरला ५० रुपये असा सोपा भाव लावला तर सव्वासात लाख. मुंबईहून थेट विमान नाही, सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे जायचं तर माणशी लाखाच्या आसपास धरा. व्हिसाच्या फीशिवाय दर माणशी १०० डॉलर पर्यटक आकार आहे, २०२४ च्या ऑक्टोबरपासून तो ३५ वरून इतका झाला. म्हणजे सगळं मिळून साडेनऊ लाख, आणि वर लाखभर हाताशी राखून ठेवलेले.

आम्ही दोघं याच मोसमात अशाच गाडीतून फिरलो, आणि नंतर ओळखीतल्या काही जोडप्यांना हिशोब मांडून दिले. बहुतेक जण ‘रोजचे किती’ असा एकच आकडा धरतात आणि मग खाण्यात काटकसर करत बसतात. खरं तर कॅम्परव्हॅनचा काही खर्च दिवसागणिक, काही किलोमीटरमागे आणि काही माणशी असतो. हे तिन्ही वेगळे मांडले की कशाला कात्री लावायची ते लगेच दिसतं. आणि खाण्यात फारसं काही वाचत नाही, हेही दिसतं.

सगळ्यात मोठा आकडा गाडीचा. दोघांची, आत पक्का संडास असलेली व्हॅन मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला १२० ते १६० डॉलरला मिळते. नाताळ ते जानेवारीअखेर तिथे उन्हाळी सुट्ट्या असतात, तेव्हा त्याच गाडीला जवळपास दुप्पट मोजावे लागतात. म्हणजे महिना निवडतानाच तुम्ही दोन-अडीच लाख वाचवलेत, तेवढे पुढच्या सहा आठवड्यांत पोटाला चिमटा काढून वाचणार नाहीत. एप्रिलमध्येही ईस्टर आणि शाळांच्या सुट्टीचे दिवस टाळून दर बघा. गुड फ्रायडे आणि ईस्टर संडेला बहुतेक दुकानं बंद असतात, गुड फ्रायडेला उघड्या कॅफेत पंधरा टक्क्यांपर्यंत जादा आकार लावतात. बऱ्याच कंपन्या गाडी घेतल्याचा आणि परत केल्याचा दिवस पूर्ण धरतात, तेव्हा संध्याकाळी उतरणार असाल तर पहिली रात्र साध्या मोटेलात काढा आणि सकाळी गाडी ताब्यात घ्या.

गाडीइतकंच लक्ष विम्याकडे द्या. मूळ भाड्यात जो विमा असतो त्यात अपघात झाला तर पहिले पाच ते साडेसात हजार डॉलर तुमचे. ती रक्कम अनामत म्हणून क्रेडिट कार्डावर अडकवतात किंवा सरळ कापून घेतात. सरळ कापली आणि महिन्या-दीड महिन्यानं परत केली, तर जाताना आणि येताना वेगळा भाव लागतो, आणि आपल्या बँकेचा दोन ते साडेतीन टक्के मार्कअप व त्यावरचा जीएसटी वेगळाच. गाडीला ओरखडासुद्धा न आणता वीस-पंचवीस हजार रुपये असे जातात. दिवसाला ४० डॉलरच्या आसपास जादा भरून ही जबाबदारी शून्यावर आणता येते. मी तेच सांगेन. काच, टायर आणि छत त्यात येतात का, हे मात्र वाचून घ्या. आणि कुठलाही विमा घेतलात तरी काही रस्ते बाहेर असतात, उदाहरणार्थ क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि नाइन्टी माइल बीच.

गाडी आणि विमा मिळून साडेसात हजार डॉलर झाले, म्हणजे एकूण खर्चाचा निम्मा भाग गाडी सुरू करायच्या आधीच ठरला.

उरलेल्यात तुमच्या हातात सगळ्यात जास्त असतं ते अंतर. डिझेल पंपावर पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त दिसतं, पण डिझेल गाड्यांना रस्ता वापराचा कर वेगळा, १,००० किलोमीटरमागे ७६ डॉलर. भाड्याची गाडी परत करताना कंपनी तो तुमच्याकडून वसूल करते, कधी स्वतःचा आकार चढवून. पाच हजार किलोमीटर फिरलात तर गाडी पेट्रोलची असो की डिझेलची, हिशोब १,५०० डॉलरच्या आसपास येतो. आता हे बघा: बरेच जण याच सहा आठवड्यांत सात-आठ हजार किलोमीटर करतात, रोज नवं गाव, रोज नवा तळ. इंधन वाढतंच, पण जो माणूस दिवसभर गाडी चालवून दमलाय तो संध्याकाळी स्वयंपाक करत नाही, बाहेर जेवतो. जिथे अंधारात पोचतो तिथे स्वस्त जागा शोधत बसत नाही, समोर दिसेल त्या महागड्या पार्कात शिरतो. गोल्डन बे, कॅटलिन्स, कोरोमंडल अशा ठिकाणी तीन-तीन रात्री मुक्काम ठेवलात तर खर्च आपोआप उतरतो आणि प्रवासही खरा वाटतो. इंधनाचे भाव बघायला तिथले लोक ‘गॅस्पी’ अ‍ॅप वापरतात. साउथ आयलंडच्या वेस्ट कोस्टवर पंप विरळ आणि महाग, आणि मिल्फर्डला जाताना वाटेतल्या ‘ते आनाउ’ गावातच टाकी भरून घ्या.

मुक्कामाचे तीन प्रकार. विजेची जोडणी असलेला हॉलिडे पार्क दोघांना मिळून ५० ते ७० डॉलर. संवर्धन खात्याचे तळ, तिथे त्यांना सगळे ‘डॉक’चे म्हणतात, ते माणशी आकारतात. अगदी साधे फुकट असतात, बाकीचे दहा ते वीस डॉलरच्या आसपास. त्यामुळे दोघांना कधी कधी डॉक आणि स्वस्तातला खासगी तळ यांत फारसा फरक उरत नाही. हे जोडप्यांच्या लक्षात येत नाही, कारण वाचलेले अनुभव बहुधा एकट्यानं फिरणाऱ्यांचे असतात. तिसरा प्रकार म्हणजे फ्रीडम कॅम्पिंग, म्हणजे सार्वजनिक जागी गाडी लावून तिच्यातच झोपणं, पूर्ण फुकट. पण २०२३ च्या कायद्यानंतर त्याचे नियम कडक झालेत: गाडीत पक्का बसवलेला संडास हवा आणि गाडी स्वयंपूर्ण असल्याचं हिरवं प्रमाणपत्र हवं. प्रत्येक नगरपालिकेचे नियम वेगळे, चुकीच्या जागी झोपलात तर ४०० डॉलर दंड सहज होतो. ‘कॅम्परमेट’ अ‍ॅपवर जागा बघा, पण शेवटचा शब्द तिथल्या पाटीचा.

मी दर तिसरी रात्र विजेच्या जागी धरते. बॅटरी भरते, कपडे धुतले जातात, संडासाची टाकी रिकामी होते, पाणी भरतं. एप्रिलच्या उत्तरार्धात साउथ आयलंडमध्ये रात्री खरंच गारठा असतो, तेव्हा हीटर लावायला वीज हवीच. सहा आठवड्यांना मुक्कामाचे १,४०० डॉलर पुरतात. त्यातच दर दहा-बारा दिवसांनी एक रात्र भिंतींच्या खोलीची धरा, कॅबिन असो की मोटेल. वेस्ट कोस्टवर पाऊस लागला की दोन-दोन दिवस हटत नाही, आणि खाट दुमडून टेबल करायच्या त्या जागेत दोन माणसांना एकमेकांपासून बाजूला व्हायला कोपरा नसतो. ही रक्कम चैन म्हणून बाजूला काढू नका, गरजेत धरा. एकमेकांवर चिडून प्रवास आटोपता घेतलेली जोडपी मला माहीत आहेत, आणि आटोपता घेणं सगळ्यात महाग पडतं.

दोन बेटांमध्ये गाडीसकट नेणारी फेरीबोट वेलिंग्टन ते पिक्टन, साडेतीन तासांच्या आसपास. भाडं गाडीच्या लांबीवर अधिक माणशी, एका फेरीला ४०० डॉलरपर्यंत. ऑकलंडला उतरून क्राइस्टचर्चहून परतीचं विमान घेतलंत तर एकदाच द्यावं लागतं, फक्त गाडी दुसऱ्या शहरात सोडायचा आकार आधी विचारा.

खाणं. पॅक’एन’सेव्हमधून आठवड्याचं सामान भरलं तर दोघांना २०० ते २२० डॉलर, वर कॉफी आणि एखादं बाहेरचं जेवण धरून सहा आठवड्यांना १,८०० डॉलर. ऑकलंडच्या सँड्रिंगहॅम रोडवर आपल्याकडची किराणा दुकानं रांगेनं आहेत. तूरडाळ, पोहे, गोडा मसाल्याला चालेल असं काहीतरी तिथे मिळतं, त्यामुळे सामानात फक्त तीन लिटरचा कुकर न्या. खाण्याचं काहीही नेलंत तर देशात शिरतानाच्या अर्जात सगळं जाहीर करा. न सांगितलेल्या एका पुडीला जागेवर ४०० डॉलर दंड आहे, आणि मध तर चालतच नाही. फोडणी दार उघडं ठेवून द्या, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो आणि गाद्यांना वास राहतो.

बघण्या-करण्यासाठी १,५०० ठेवलेत. मिल्फर्डची बोट, कायकोराचे देवमासे, वायटोमोच्या गुहा या सगळ्यांना माणशी पैसे पडतात, तेव्हा प्रत्येक गोष्ट दोननं गुणा. आम्ही निघण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपल्याला काय चुकवायचं नाही ते लिहिलं आणि दोन्ही याद्यांतलं पहिलं काहीही झालं तरी करायचं ठरवलं. बाकीचं पैसे उरले तर. तिथे पायी फिरण्याच्या वाटा बहुतेक फुकट आहेत आणि त्याच सगळ्यात सुंदर आहेत.

सिम, कपडे धुणं, पार्किंग, टोल यांना ४००. टोलचे रस्ते तीनच, पण पैसे पाच दिवसांत ऑनलाइन भरा, नाहीतर भाड्याची कंपनी टोलपेक्षा जास्त हाताळणी आकार लावते. संडासाची टाकी रिकामी न करता गाडी परत केली तरी तसंच.

पैशांच्या व्यवस्थेत दोन गोष्टी. गाडी ज्याच्या नावावर त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, तेव्हा मर्यादा आताच वाढवून घ्या. आणि फॉरेक्स कार्ड दोघांच्या पॅनवर वेगवेगळी काढा, कारण टीसीएसची (परदेशी खर्चावर आधीच कापून घेतात त्या कराची) १० लाखांची मर्यादा माणशी आणि आर्थिक वर्षागणिक आहे. टूर पॅकेज म्हणून घेतलंत तर तो पहिल्या रुपयापासून लागतो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. लायसन्स इंग्रजीत असलं तरी आरटीओतून १,००० रुपयांत आंतरराष्ट्रीय परवाना दोघांचाही काढा. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, म्हणून दुसऱ्यानंही चालवायला घाबरायचं कारण नाही.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी गाडीचे दर, मग विमान, मग फेरी. गाडीच्या दरात आठवडाभर मागे-पुढे सरकून मोठा फरक पडतो, आणि विमानाचं तिकीट आधी काढलंत की तो हातचा जातो.