ओव्हरक्लॉक केलेला (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला) पीसी लोडवर तासन्‌तास चालतो, पण नुसता पडून असला की रीस्टार्ट होतो. पॉवर सेव्हिंग सगळं बंद करू का?

नका करू. निदान आत्ता तरी नाही.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची कहाणी दोन ओळींत: इंटेलचा आय७-८७००के प्रोसेसर, ४.९ गिगाहर्ट्झ, व्होल्टेज ऑफसेट मोडमध्ये उणे ०.०८० व्होल्ट. प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी टेस्ट) दोन तास लावलं तरी हूं की चूं नाही, पण पीडीएफ वाचत बसलात की स्क्रीन काळी आणि मशीन नव्याने चालू. नाशिकरोडचा दुकानदार म्हणतो स्टॅबिलायझर घ्या, मित्र म्हणतो सी-स्टेट (काम नसताना प्रोसेसर ज्या झोपेत जातो त्या पायऱ्या) उडवून टाक.

स्टॅबिलायझरचं आधी निकालात काढू. ॲक्टिव्ह पीएफसीवाला (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेला) एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, १०० ते २४० व्होल्टवर आरामात चालतो. त्यातून १२ व्होल्ट निघतात आणि मदरबोर्डवरचं व्हीआरएम (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) त्याचे सव्वा-दीड व्होल्टच्या आत आणून प्रोसेसरला देतं. लाइन खालीवर झाल्याचा त्रास असता तर सगळ्यात जास्त करंट ओढला जातो तेव्हा, म्हणजे प्राइम९५च्या वेळीच बोंब झाली असती. ते पैसे यूपीएसला ठेवा. बायोस अपडेट करताना वळवाच्या पावसात लाईट गेली तर तो कामाला येतो.

तुमचं दुखणं त्या उणे ०.०८० मध्ये आहे असं मला वाटतं. ऑफसेट ही सरसकट कपात असते. ४.९ वर १.३० च्या जागी १.२२ व्होल्ट मिळाले आणि चिपला ते पुरले, म्हणून टेस्ट पास झाली. पण काम नसताना हाच प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झवर उतरतो, तिथे मुळातच ०.७ व्होल्टच्या आसपास मिळतात, आणि त्यातूनही तेवढेच ०.०८ कापले जातात. वर ६ टक्के गेले, खाली ११-१२ टक्के. प्राइम९५ तळाच्या या भागाला हातच लावत नाही. तुम्ही पीडीएफचं पान उलटता, एक कोर झोपेतून उठून वर उडी मारतो, आणि नेमका तिथे व्होल्टेज अपुरा पडतो.

हे ताडून बघायला बायोसमध्ये शिरायचीही गरज नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये बॅलन्स्ड प्लॅनला मिनिमम प्रोसेसर स्टेट ५ टक्के असते, ती १०० करा आणि एक-दोन दिवस नेहमीसारखं वापरा. यात क्लॉक खाली उतरत नाही, सी-स्टेट मात्र चालूच राहतात. रीस्टार्ट थांबले तर चोर सापडला. सोबत इव्हेंट व्ह्यूअर उघडा. कर्नल-पॉवर ४१ दिसेल, पण त्यावर जाऊ नका. मशीन नीट बंद झालं नाही एवढंच तो सांगतो, लाईट गेली तरी तोच येतो. त्याच्या आसपास डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) १८ किंवा १९ दिसला तर तो प्रोसेसरकडे बोट दाखवतो.

मग बायोसमध्ये ऑफसेट काढून मोड ॲडॅप्टिव्ह करा. यात तुम्ही टाकलेला आकडा फक्त टर्बोच्या, म्हणजे लोडवरच्या जास्त वेगाच्या, वरच्या टप्प्याला लागू होतो, खाली चिपचा स्वतःचा तक्ता चालतो. १.३० व्होल्टपासून सुरुवात करून हळूहळू खाली या. लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर व्होल्टेज किती पडू द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा. फार कडक केलं तर लोड सुटताना व्होल्टेज वर उसळतो. आणि इथे बोर्डाचं मॅन्युअल बघाच, कारण असुसवर आकडा वाढेल तसं ते कडक होतं, एसरॉकवर मात्र लेव्हल १ सगळ्यात कडक. दुसऱ्याचा स्क्रीनशॉट बघून भरणाऱ्यांची इथेच दांडी उडते.

एवढं करूनही रीस्टार्ट झालाच, तर सी६ आणि सी७ (सी-स्टेटमधली खोल झोप) तेवढे बंद करून बघा. सी१ई (हलकी झोप) आणि स्पीडस्टेप (काम कमी असेल तेव्हा क्लॉक उतरवणारं) राहू द्या. सगळं एकदम बंद केलंत तर रीस्टार्ट कदाचित थांबतील, पण कशामुळे ते कळणार नाही, आणि एप्रिलच्या चाळिशीत खोली आणखी तापेल. खर्च होणारी पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून नुसतं बसून राहिलेलं मशीन १.३ व्होल्टवर ठेवणं मला पटत नाही.

सी६-सी७ बंद केल्यावरच फरक पडला, तर एसएमपीएसचं वय बघा. २०१३ मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले तेव्हा त्यांच्या खोल झोपेत १२ व्होल्टच्या लाइनवरचा करंट ०.०५ अँपिअरपर्यंत उतरू शकतो म्हणून बऱ्याच जुन्या एसएमपीएसबद्दल शंका निघाली होती. जुन्या पीसीतला उचलून लावला असेल, तर मित्राचा एखादा नवा मागून आणा आणि सी-स्टेट परत चालू करून बघा.

आणि यापुढे टेस्ट म्हणजे नुसतं प्राइम९५ नको. व्हिडिओ लावा, थांबवा, मशीन स्लीपला टाका, उठवा, रात्रभर तसंच पडू द्या.