ठाण्यात एकच फ्लॅट वेबसाइटवर वेगवेगळ्या एजंटांकडे वेगवेगळ्या किमतीला का दिसतो?

कारण आपल्याकडे मालक सहसा एकाच एजंटला बांधील नसतो. तो चौघांना सांगतो आणि चौघेही आपापली जाहिरात टाकतात. मी घोडबंदर रोडला रीसेलचंच काम करते. अमेरिकेत असते तशी एजंटांची सामाईक यादी इथे नाही. त्यामुळे एकाचा आकडा मालकाने सांगितलेला, दुसऱ्याचा घासाघीस धरून चढवलेला, तर तिसऱ्याचा नुसता फोन यावा म्हणून पाडलेला. हा तिसरा लगेच ओळखू येतो: फोन केलात की “तो कालच गेला, दुसरा दाखवतो.” फोटोही नीट बघा. मानपाड्यातल्या चार मजली इमारतीतला फ्लॅट म्हणायचं आणि खिडकीतून विसाव्या मजल्यावरचा नजारा दाखवायचा, हे मला अजिबात पटत नाही. क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) की बिल्टअप (भिंती वगैरे धरून), हे आधी विचारा. किमतीतला बराचसा गोंधळ तिथेच असतो. नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर ऑगस्ट २०२३ पासून महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही सक्तीचा आहे, तो स्कॅन करा. जुन्या सोसायटीतल्या रीसेलला मात्र हा कोड नसतो. तिथे टोकन देण्याआधी मालकाकडून शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीने त्याला दिलेला सभासदत्वाचा दाखला, मागून घ्या.